हसऱ्या गाईचा टँकर

सर्व्हेअर दिवसभर मोडलेल्या गाड्या बघायचा आणि त्या दिसतात तेवढ्या मोडलेल्या नाहीत असं लिहून द्यायचा. विमा कंपनीची तशी अपेक्षा असे. संध्याकाळी घरी आल्यावर तो चांगल्या धडधाकट गाड्या घ्यायचा आणि त्यांची वाट लावायचा. ही अपेक्षा कुणाचीच नव्हती, त्यामुळे हे काम तो जास्त मन लावून करायचा.

या दुसऱ्या गाड्या बोटभर लांबीच्या असत. फुटपाथवर ढिगाने विकायला असतात त्या, पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात चिकटवलेल्या, लाल-पिवळ्या, डोळ्यांत भरणाऱ्या. सर्व्हेअर त्यांच्या पोटातलं रिव्हेट ड्रिलने उडवायचा, बॉडी सुटी करायचा आणि कारखान्याचा रंग खरवडून काढायचा. चहाच्या जुन्या गाळणीची जाळी कापून खिडक्यांना बसवली की चिलखत झालं. संपलेल्या बॉलपेनची नळी म्हणजे धुराडं. आणि मग गंज. आधी तपकिरी हात द्यायचा. त्यावर भांडी घासायच्या स्पंजचा कपटा नारिंगी रंगात बुडवून टिपत जायचं. ओल्या अंगावर मीठ भुरभुरवायचं, मिठावर गाडीचा वरचा रंग फवारायचा, आणि तो वाळला की अंगठ्याने मीठ चोळून काढायचं. मीठ जिथून निघेल तिथून खालचा गंज डोकावतो आणि वर्षानुवर्षं उन्हापावसात पडलेली गाडी तयार होते. घरातलं मीठ लवकर संपतं याबद्दल बायकोने एकदा विचारलं होतं. त्याने खरं उत्तर दिलं आणि तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं एका खेळासाठी. या खेळात जग संपलेलं असतं. ते कशाने संपलं यावर क्लबात दोन तट होते, पण पेट्रोल संपत आलंय आणि शिस्त केव्हाच संपलीय यावर सगळ्यांचं एकमत होतं. उरलेली माणसं टोळ्या करतात, गाड्यांना पत्रे ठोकतात आणि टेबलावरच्या वाळवंटात एकमेकांच्या अंगावर जातात. कोण मेलं ते फासे सांगतात. हे वाळवंट झेरॉक्सवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत होतं आणि झेरॉक्सवाला क्लबाचा अध्यक्ष होता, कारण टेबल त्याचं होतं. सभासद सगळे पोट सुटलेले, सिग्नलला थांबणारे गृहस्थ. स्वतःच्या खऱ्या गाडीला ओरखडा पडला तर ते आठवडाभर जेवत नसत.

या खोलीत सर्व्हेअरला गंजमास्तर म्हणत. घरी तो 'अहो' होता. ऑफिसात 'ते'. सासरी 'थोरले जावई', पण हे पद त्याला आधी लग्न केल्यामुळे मिळालं होतं, त्यात त्याचं कर्तृत्व नव्हतं. गंजमास्तर हे एकच नाव त्याने कमावलेलं होतं. नवा सभासद आला की झेरॉक्सवाला सांगायचा, "गंजाचं काही असेल तर मास्तरांना विचार." आणि सर्व्हेअर मान न उचलता म्हणायचा, "बघू."

आता साडू.

साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. दोन बहिणी वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळ्या माणसांना हो म्हणतात आणि ती माणसं जन्मभर एकमेकांशेजारी जेवायला बसतात. सर्व्हेअरचा साडू दातांचा डॉक्टर होता. त्याचं घर एका खोलीने मोठं होतं, गाडी एका वर्षाने नवी होती, केस बऱ्यापैकी शाबूत होते. स्वभावही चांगला होता, म्हणजे तोंडसुख घ्यायचीही सोय नाही. तो सर्व्हेअरला 'दादा' म्हणायचा आणि ते मनापासून म्हणायचा. सर्व्हेअरने हे सगळं इतकी वर्षं निमूटपणे चालवून घेतलं होतं, कारण त्याच्याकडे गंज होता आणि डॉक्टरकडे नव्हता.

तो गंज डॉक्टरला सर्व्हेअरनेच दिला. एका रविवारी सासरी सगळे जमले असताना त्याने खिशातून एक जीप काढून चहाच्या कपाशेजारी ठेवली. उगाच, सहज, म्हणजे दोन दिवस ठरवून. सासूबाईंनी ती आधी बघितली.

"चांगली गाडी होती, असं काय करून टाकलंत हो?"

"आई, हे मुद्दाम केलंय."

"तेच विचारतेय."

डॉक्टरने मात्र जीप उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी करून बघितली.  मग म्हणाला, "दादा, हे अफाट आहे. मला शिकवा ना."

सर्व्हेअरचा ऊर भरून आला. त्या दुपारी त्याने मीठ, स्पंज, गंजाचे ओघळ, सगळं सगळं सांगितलं. आपण काय देतोय हे त्याला कळत होतं; समोरचा ते घेईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरने एक व्हॅन आणली. सर्व्हेअरने ती हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्याच्या स्वतःच्या गाड्यांवर गंज असायचा. या व्हॅनमधून तो बाहेर येत होता. दाराच्या फटीत एक बारीकसा फोड, रंग जेमतेम फुगलेला, त्याला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, आणि त्या छिद्रातून बघितलं तर आतला पत्रा पार पोखरलेला. बाहेरून व्हॅन जवळजवळ चांगली दिसत होती, आणि म्हणूनच ती मेलेली होती.

"हे कसं केलंत?"

"कीड आहे हो, दादा," डॉक्टर म्हणाला. "दोन दाढा एकमेकींना टेकतात ना, तिथे सुरू होते. बाहेरून एवढंसं भोक, आत सगळा कारभार आटोपलेला. पेशंट म्हणतो, परवापर्यंत काही नव्हतं. म्हटलं, पत्र्याचंही तसंच असणार."

तसंच असतं. सर्व्हेअर आठवड्याला डझनावारी दारं उघडून बघत होता आणि खाली वाकून त्या फटींत टॉर्च मारत होता. नोकरीत त्याला ते दिसायचं. घरी येऊन ब्रश हातात घेतला की दिसायचं बंद व्हायचं. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. तो म्हणाला, "बंपर चुकलाय."

"काय झालं?"

"या मॉडेलला बंपर प्लास्टिकचा येतो. प्लास्टिकला गंज चढत नाही."

हे संभाषण क्लबात झालं. डॉक्टर आता क्लबात यायला लागला होता; झेरॉक्सवाल्याने त्याला पहिल्याच दिवशी खुर्ची दिली होती, सर्व्हेअरला ती दुसऱ्या वर्षी मिळाली. बंपरचं वाक्य ऐकल्यावर एकेकाचा हात हळूच आपापल्या गाड्यांकडे गेला. गणिताचे सर आपली ट्रकांची रांग उलटीपालटी करून बघत होते.

"म्हणजे माझी आख्खी टोळीच रद्द," सर म्हणाले.

"तुमच्या जुन्या गाड्या आहेत सर, त्यांना लोखंडी चालतो," सर्व्हेअर म्हणाला. आपल्या पिशवीतल्या सगळ्या बंपरांना गंज आहे हे त्याला त्याच क्षणी आठवलं होतं. पिशवी त्याने पायाने टेबलाखाली सारली.

डॉक्टर रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून पेन काढून तळहातावर 'बंपर' असं लिहून घेतलं. पुढच्या वेळी तीच व्हॅन परत आली. बंपर आता उन्हाने करपून पिठूळ पांढुरका झालेला, एका कोपऱ्यात तडकलेला, आणि तो तडा कुणीतरी तारेने शिवलेला. सगळ्यांनी व्हॅन हातोहात फिरवली. "बंपर बघा, बंपर," असं झेरॉक्सवाला तीनदा म्हणाला. बंपरचा मूळ धनी कोण हे कुणी विचारलं नाही.

मग हे असंच चालू राहिलं. सर्व्हेअर म्हणाला, ओघळ गाडी उभी असते त्या दिशेला पडतात, तुमचे कसेही पडलेत. पुढच्या खेपेला ओघळ असे आले की गाडी कुठल्या उतारावर किती काळ उभी होती ते कळावं. तो म्हणाला, टायरवर धूळ आहे पण टायर नवा आहे. पुढच्या खेपेला टायरच्या भेगांतून धूळ होती. सर्व्हेअर घरी आला की जेवता जेवता पुढच्या चुकीचा विचार करायचा.

"तुम्ही त्यांच्या चुका काढता की शिकवणी घेता?" बायकोने विचारलं.

"चूक दिसली तर बोलायचं नाही?"

"बोला की. पण प्रत्येक वेळी बोलून झालं की तुमचं तोंड उतरतं, त्यांचं नाही. म्हणून विचारलं."

त्याच सुमारास झेरॉक्सवाल्याने मोठ्या मोहिमेची घोषणा केली. जगातला शेवटचा टँकर. आख्खं वर्षभर सगळ्या टोळ्या त्याच्या मागे लागणार, आणि खेळ नसेल तेव्हा टँकर दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवला जाणार, लॅमिनेशनच्या दरपत्रकाशेजारी. मास्तर आणि डॉक्टर, दोघांनी टँकर करावेत, क्लब एक निवडेल.

"आणि नाव?" गणिताच्या सरांनी विचारलं. "म्हणजे मास्तर कोण?"

"ज्याचा टँकर काचेत, तो मास्तर," झेरॉक्सवाला म्हणाला. मग त्याला वाटलं आपण जरा जास्त बोललो, म्हणून त्याने सर्व्हेअरकडे बघून पुस्ती जोडली, "तसं तुम्हीच आहात म्हणा." या 'तसं'ने सर्व्हेअरला घरापर्यंत सोबत केली.

फुटपाथवर टँकर एकाच प्रकारचा मिळत होता: दुधाचा, पांढरा, दोन्ही बाजूंना हसऱ्या गाईचं चित्र. सर्व्हेअरने घरी आल्या आल्या पहिल्यांदा गाई खरवडून काढल्या. जगाच्या अंतात गाईचं काय काम. मग त्याने टाकीला पट्ट्या ठोकल्या, शिडी लावली, टपावर बंदूकवाला बसवला, बंपर लोखंडी ठेवला आणि तो लोखंडी का आहे याचं उत्तर तयार ठेवलं. गंज बेतशीर, ओघळ नियमाला धरून. काम चोख झालं. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्याकडे दुसऱ्यांदा बघायला कारणही नव्हतं, आणि हे सर्व्हेअरला कुणी सांगायची गरज नव्हती. असले अहवाल तो रोज लिहीत होता.

निवडीला पंधरवडा उरला असताना डॉक्टरचा फोन आला. "दादा, झालाय बहुतेक. एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे."

सर्व्हेअर रविवारी दुपारी त्याच्या क्लिनिकवर गेला. क्लिनिक बंद होतं. डॉक्टर तिथेच काम करायचा, कारण रंग फवारायच्या एअरब्रशला लागणारा हवेचा कॉम्प्रेसर तिथे आयताच होता. बसायला पेशंटची खुर्ची तेवढी. सर्व्हेअर तीत टेकला आणि ती आपोआप मागे गेली. डोक्यावरचा दिवा लागला. डॉक्टरने स्टीलच्या ट्रेमधून टँकर उचलून त्याच्या छातीवर अलगद ठेवला.

"आरामात बघा," डॉक्टर म्हणाला. सवयीने.

सर्व्हेअरने नोकरीत बघतो तसं बघितलं. पुढून मागे, वरून खाली. बंपर बरोबर. ओघळ बरोबर, टँकर थोडा डावीकडे कलून वर्षानुवर्षं उभा होता. झाकणाभोवती दुधाचे सुकलेले डाग आणि त्यांच्यावरून डिझेलचे, म्हणजे दूध संपल्यावर कुणीतरी यातून इंधन नेलं होतं. शिडीच्या मधल्या पायऱ्या झिजलेल्या, सगळ्यात वरची नाही, कारण वरच्या पायरीवर कुणी पाय देत नाही. त्याने टँकर फिरवला.

गाय तिथेच होती. डॉक्टरने तिला खरवडलं नव्हतं. अर्धा चेहरा गंजाने खाल्लेला, एक शिंग पापुद्र्यासारखं सुटलेलं, एक डोळा उरलेला. आणि ती अजून हसत होती. जग संपलं, दूध संपलं, हिला कुणी कळवलं नाही. सर्व्हेअरने टँकर डोळ्यांजवळ आणला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की हसू बदललंय.

"हिचे वरचे दात कुठे गेले?"

"काढले," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाला. "गाईला वर पुढचे दात नसतातच, दादा. नुसती हिरडी. खेळणीवाल्यांनी आख्खी बत्तीशी दिली होती. मला ते बघवेना."

सर्व्हेअर आडवा पडून दिव्याकडे बघत राहिला. आपण इतकी वर्षं हे करतोय, आपल्याला एकही गाय सुचली नाही. सुचली असती तरी आपण तिचे दात मोजले नसते. पोटात कुणीतरी काडी ओढली आणि ती तिथेच धरून ठेवली. मग त्याच्या मनात एक अगदी स्वच्छ विचार आला. यातला बंपर माझा आहे. ओघळ माझे आहेत. टायर माझे. गाय सोडली तर हा टँकर माझ्या जिभेने केलाय. आता ती जीभ बंद. यापुढे एक चूक मिळणार नाही.

"मस्त आहे," तो म्हणाला. "आता याला हात लावू नका."

डॉक्टरचा चेहरा पडला.

"बाकी?"

"बाकी काही नाही."

"काहीच नाही?"

"मस्त आहे म्हटलं ना."

तो खुर्चीतून उतरला, चप्पल घातली, दारापर्यंत गेला. तिथे त्याने काही ठरवलं नव्हतं. फक्त एकदा वळून बघितलं. ट्रेमध्ये दिव्याखाली गाय हसत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हं."

आणि तो गेला.

मराठीत 'हं' एवढं लांबरुंद दुसरं काही नाही. त्यात होकार मावतो, शंका मावते, आजोबांचा नकार मावतो, न सांगितलेलं सगळं मावतं. डॉक्टरला त्यात आपली चूक दिसली. रात्री फोन आला.

"दादा, खालच्या व्हॉल्व्हपाशी गंज कमी वाटतोय का?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"नाही म्हणालात. म्हणूनच विचारतोय."

दोन दिवसांनी पुन्हा. "व्हॉल्व्हपाशी वाढवला थोडा. आता वरचं फार कोरं दिसतंय. तेच होतं ना तुमच्या मनात?"

"माझ्या मनात काहीही नव्हतं, डॉक्टर."

"बरं," डॉक्टर म्हणाला, पेशंटने 'मी रोज दोनदा ब्रश करतो' म्हटल्यावर म्हणतात तशा आवाजात.

त्यानंतर धाकट्या बहिणीचा थोरलीला फोन आला. सर्व्हेअरच्या बायकोने तो आतल्या खोलीत घेतला आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय चूक आहे त्या टँकरमध्ये?"

"काही नाही."

"मग तसं सांगा त्यांना. रोज क्लिनिकमधून येत नाहीत म्हणे वेळेवर. परवा एका बाईची चांगली दाढ ठोकून बघत बसले होते, काहीतरी असणारच म्हणून."

"सांगितलं की. मस्त आहे म्हणालो."

बायको खाली बसली. "तुम्ही मस्त म्हणालात? त्यांना? तोंडावर?"

"हो."

"मग घाबरतील नाहीतर काय."

सर्व्हेअरला आता कळायला लागलं होतं काय चाललंय ते. गंज करणाऱ्यांना जो एकच रोग होतो तो डॉक्टरला झाला होता. थांबायचं कुठे हे कळेनासं होतं. एक ओघळ वाढवला की शेजारचा पत्रा नवा दिसायला लागतो. तो गंजवला की त्याच्या पलीकडचा. प्रत्येक हात बरोबर असतो, आणि असे सगळे बरोबर हात मिळून गाडी मारतात. क्लबात प्रत्येकाच्या माळ्यावर अशा एकदोन गाड्या पुरलेल्या होत्या. सर्व्हेअरच्या तर खोकाभर. याला औषध एकच, बाहेरच्या कुणीतरी ब्रश हातातून काढून घ्यायचा.

त्याने फोन उचलला. खरंच उचलला. थांबा म्हणून सांगायचं, बस.

"दादा, बरं झालं केलात," डॉक्टर म्हणाला. आवाज थकलेला होता. "सगळं एकजीव होत नाहीये. मी विचार करतोय, खालून थोडा चिखल द्यावा. तुम्हाला काय वाटतं?"

खालून चिखल दिला तर तो चाकांवर येणार. चाकांवरून मडगार्डवर, मडगार्डवरून टाकीवर. टाकीवर गाय. सर्व्हेअरला तिचा तो एक डोळा दिसला, आणि पोटातली काडी पुन्हा पेटली.

"चिखल चालेल," तो म्हणाला.

निवडीच्या दिवशी खोली गच्च होती. सर्व्हेअरचा टँकर आधी टेबलावर गेला. लोकांनी माना डोलावल्या. "चोख," गणिताचे सर म्हणाले. मग डॉक्टरने आपलं खोकं उघडलं, कापूस बाजूला केला आणि टँकर वाळवंटात ठेवला.

 टेबलावर तपकिरी रंगाचं एक ढेकूळ होतं. त्याला चाकं असावीत असा संशय घेता येत होता. थरावर थर चढून शिडीच्या पायऱ्या बुजल्या होत्या, टाकी आणि केबिन यांच्यातली फट भरून गेली होती, बंपरला आता प्लास्टिक की लोखंड हा प्रश्नच उरला नव्हता.

"पुढची बाजू कुठली?" झेरॉक्सवाल्याने शेवटी विचारलं. हळू आवाजात, दुखवट्याला गेल्यासारखं.

"ही," डॉक्टर म्हणाला आणि थोडं थांबून त्याने टँकर फिरवला. "नाही. ही."

सर्व्हेअर खाली वाकला. त्याने डावी बाजू बघितली, मग उजवी. उजेडात तिरकं करून बघितलं. चिखलात कुठे शिंगाची कड, डोळ्याचा उंचवटा, काही. काही नव्हतं.

हात वर झाले. डॉक्टरचाही सर्व्हेअरच्या टँकरसाठी वर होता, सगळ्यात आधी. झेरॉक्सवाल्याने टँकर काचेत दरपत्रकाशेजारी ठेवला, मागे सरून बघितला आणि म्हणाला, "मास्तर ते मास्तर." टाळ्या झाल्या. सर्व्हेअर मान न उचलता "बघू" म्हणाला. या जागी हा शब्द बसत नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

बाहेर दुकानाच्या पायरीवर डॉक्टर खोकं मांडीवर घेऊन बसला होता. सर्व्हेअर शेजारी बसला. साडू म्हणून तशी सवय होतीच.

"एक विचारू, दादा? खरं सांगा. कुठे थांबायला हवं होतं?"

"त्या रविवारी," सर्व्हेअर म्हणाला. "मी आलो होतो तेव्हा."

"तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"मस्त आहे म्हणालो होतो. हात लावू नका म्हणालो होतो."

डॉक्टरने विचार केला. "म्हणजे खरंच सांगत होतात."

"हो."

"आणि मला वाटलं दादा काहीतरी लपवतायत." तो स्वतःशीच हसला. "मग ते दारातलं 'हं'?"

 सर्व्हेअरकडे सांगायला बरंच काही होतं: पाय मुरगळला, उशीर होत होता, सहज. "गाय," तो म्हणाला. "ती मला सुचायला हवी होती."

"आवडली होती?"

"फार."

 डॉक्टरच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, हे शेजारी बसलेल्यालाही कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो पाठ टेकून बसला. "मग झालं तर," तो म्हणाला. "मी म्हटलं, मलाच दिसत नाही की काय." मग त्याने खोकं उघडून ढेकूळ बाहेर काढलं आणि कुतूहलाने निरखायला लागला, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. "हे थिनरमध्ये घातलं तर सगळं निघेल ना? गायीसकट?"

"गायीसकट."

"हरकत नाही. आता कशी करायची ते माहीत झालंय."

तो घरी गेला तेव्हा शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने ताईला फोन करून सांगितलं की भाऊजींनी काय जादू केली कोण जाणे, हे आले, जेवले आणि आडवे झाले ते थेट सकाळी उठले. ताईने हे आपल्या नवऱ्याला सांगितलं.

गंजमास्तराने ते ऐकून घेतलं. त्याची रात्र काचेतल्या टँकरची शिडी आठवण्यात गेली होती. तिच्या सगळ्या पायऱ्या सारख्या झिजलेल्या होत्या, वरचीसुद्धा. क्लबात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. ज्याच्या आलं असतं तो आत्ता गाढ झोपून, ताजातवाना उठून, थिनरची बाटली शोधत असणार होता.